आधी ओहोळ, मग संगणक

संगणकावरचे नकाशे शिकवायचे ठरले की पहिली चर्चा हमखास सामानाची होते. लॅपटॉप किती, प्रोजेक्टर कुणाचा, नेट टिकेल का, सॉफ्टवेअर कोणतं घालायचं. मग तीन दिवसांचं शिबिर होतं. मुलं भारताच्या नकाशातले जिल्हे रंगवतात, प्रमाणपत्रं वाटली जातात, फोटो निघतात. महिन्याभराने त्यातल्याच एखाद्याला विचारा, तुझ्या घरामागचा ओहोळ कुठून येतो आणि कुठे जाऊन मिळतो. उत्तर येत नाही. त्याला बटणं शिकवली गेली, गाव वाचायला कुणी शिकवलं नाही.

लोधिवलीच्या परिसरात हे जास्तच खटकतं. जुन्या मुंबई–पुणे महामार्गावरचं, खालापूर तालुक्यातलं हे गाव. एका अंगाला दांड फाटा, रसायनी आणि पाताळगंगा औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला चौक आणि त्यावर उभा इर्शाळगड, मागे प्रबळ-माथेरानचे कडे. जवळच्या मोरबे धरणाचं पाणी नवी मुंबईला जातं. पनवेल–कर्जत रेल्वेमार्गाचे भराव, बोगदे, डोंगरउतारांवर चढत चाललेली प्लॉटिंगं, शेतघरं हे सगळं एका दिवसाच्या चालीत बघता येतं. पर्यावरण व्यवस्थापनाचा सगळा अभ्यासक्रम इथे उघड्यावर मांडून ठेवला आहे. तरी वर्गात उदाहरणं येतात ती ॲमेझॉनच्या जंगलाची.

हा लेख आहे तो शिकवणाऱ्यांसाठी. कनिष्ठ महाविद्यालयातले भूगोलाचे शिक्षक, रसायनी-कर्जत-खोपोलीच्या महाविद्यालयांतले राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी, आदिवासी वाड्यांत काम करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते, आणि गावात बसून स्वतःच शिकू पाहणारी मुलंमुली. सांगायचं एवढंच आहे: एक ओहोळ धरा, एक प्रश्न धरा आणि त्याच्यामागे वर्षभर लागा. सॉफ्टवेअर त्या ओघात येतं.

इर्शाळवाडी आणि नकाशाचं प्रमाण

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत आणि शोध थांबवावा लागला. त्याआधीच्या तीन दिवसांत या भागात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता. ही ठाकर समाजाची वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे तेव्हा सरकारनेच विधिमंडळात सांगितलं.

यादीत का नव्हती, याची प्रशासकीय कारणं असतील ती असोत. नकाशा शिकवणाऱ्याने यातून एक गोष्ट मुलांना करून दाखवावी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने देशभरासाठी केलेले दरडप्रवणतेचे नकाशे १:५०,००० या प्रमाणाचे आहेत. म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर ५० मीटर. दीड-दोनशे मीटरांत वसलेली वाडी या नकाशावर तीन-चार मिलिमीटरची होते. पेन्सिलचं टोक टेकलं की झाकली जाईल एवढी. असे नकाशे कुठल्या पट्ट्यात आधी लक्ष घालायचं ते ठरवण्यासाठी असतात. कुठल्या घरामागची माती सरकू लागली आहे ते त्यात दिसणार नाही. ते वाडीत जाऊन, चालून, भेगा बघून, विहिरीचं पाणी अचानक गढूळ झालं का हे विचारूनच कळतं. म्हणजेच गावातल्या पोरांनी काढलेल्या नकाशाला काम आहे. सरकारी नकाशा जिथे संपतो तिथे तो सुरू होतो.

एक सूचना. हे उदाहरण या भागात शिकवताना आधी चौकशी करा. वर्गात कुणाचा तरी मामा, आत्या त्या वाडीतले असू शकतात. दरडीचे फोटो पडद्यावर मोठे करून दाखवण्याची गरज नाही. आकडे पुरतात.

लॅपटॉप उघडण्याआधी

पहिले दोन वर्ग कागदावर घ्या. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकपद्धतीत लोधिवली ४७ एफ/१ या पत्रकात येते आणि कर्जत शेजारच्या ४७ एफ/५ मध्ये. या १:५०,००० च्या पत्रकांवर दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा असते. इर्शाळगडाच्या बाजूचा एक तुकडा झेरॉक्स करून द्या आणि पट्टीने दोन रेषांमधलं अंतर मोजायला सांगा. अंतर एक मिलिमीटर भरलं, तर ५० मीटर चालल्यावर २० मीटर चढ, म्हणजे सुमारे २२ अंशांचा उतार. अर्धा मिलिमीटर भरलं, तर २५ मीटरांत २० मीटर, जवळपास ३९ अंश. तीस अंशांच्या आसपास आणि पुढच्या मातीच्या उतारांकडे पावसाळ्यात बारीक नजर ठेवावी लागते, एवढं सांगून मुलांना लाल पेन्सिल द्या.

हाच उतारांचा नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकवर निघतो. मग पट्टी घेऊन बसायचं कशाला? कारण पट्टीने मोजलेला मुलगा पुढे संगणकाच्या उत्तरावर शंका घेऊ शकतो. ज्याने कधी मोजलंच नाही, तो पडद्यावर जे रंग येतील त्यांना देव मानतो. मला विचाराल तर या विषयात शिकवण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट ही शंकाच आहे.

दुसरा वर्ग शिवारफेरीचा. तलाठी कार्यालयातून किंवा महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरून गावनकाशा मिळतो. तो हातात घेऊन ओहोळाच्या उगमापासून नदीपर्यंत चाला. सोबत गावातला एखादा जुना माणूस आणि गुरं वळणारं पोर हवंच. नकाशावर ज्याला नावच नाही त्या डोहाला, खिंडीला, टेपाडाला त्यांच्याकडे नाव असतं. ती नावं लिहून घ्या. सरकारी नकाशात वाडीचं नाव एकदा चुकलं की पुढच्या प्रत्येक कागदात तेच चुकीचं नाव फिरत राहतं.

प्रश्न कसला निवडायचा

‘आमच्या गावाचं पर्यावरण’ हा प्रश्न नव्हे, तो निबंधाचा विषय झाला. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर मिळालं तर ग्रामपंचायतीत कुणाला तरी काहीतरी करावं लागेल. अमक्या मोरीवरून पाणी रस्त्यावर का चढतं? वाडीतली विहीर मार्चमध्ये आटते, तर तिच्या वरच्या अंगाला काय बदललं? डोंगर कापून भराव टाकला, तर ओहोळाचं तोंड कुठे वळलं? कारखान्याच्या आणि गावाच्या सांडपाण्याचे नाले नदीला नेमके कुठे मिळतात?

कर्जतकडे आणखी एक छान प्रश्न आहे. भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर राजनाला कालव्याचं उन्हाळी भात होतं. मार्चमधलं उपग्रहचित्र उघडलं की करड्या तालुक्यात कालव्यालगतची हिरवी पट्टी उठून दिसते. पट्टी कुठपर्यंत पोचते, शेवटच्या गावांना पाणी मिळालं की नाही, हे सात-आठ वर्षांची चित्रं शेजारी-शेजारी ठेवून बघता येतं. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं २०१५ पासूनची फुकट मिळतात. साधारण पाच दिवसांनी एक चित्र. फक्त जून ते सप्टेंबर विसरा, कोकणात तेव्हा ढगांशिवाय काही दिसत नाही. पावसाळ्यात साचलेलं पाणी बघायचं असेल तर ढगांच्या आरपार जाणारं सेंटिनेल-१ चं रडारचित्र घ्यावं लागतं, पण ते वाचायला अवघड आहे. पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नका.

त्याहून जुनं बघायचं तर लँडसॅट आहे. त्याचा संग्रह १९७२ पासूनचा. मोरब्याच्या जागेचं १९९० च्या सुमाराचं चित्र आणि आजचं चित्र मुलांसमोर ठेवा. जलाशयाखाली गेलेली शेतं, ओहोळ, वाटा बघून पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावंच लागत नाही.

एक चौकट, एक गुंठा

उपग्रहचित्र लहान-लहान चौकटींचं बनलेलं असतं, हे सांगायला पिक्सेल, रिझोल्यूशन असे शब्द वापरावेच लागतात. पण शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला ते एका वाक्यात समजतं. सेंटिनेल-२ ची चौकट १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा १०१ चौरस मीटरांचा. चित्रातला एक ठिपका म्हणजे एक गुंठा. मग चार गुंठ्यांच्या खाचराला चार ठिपके, त्यातले बांधावरचे दोन अर्धेमुर्धे. आणि घरामागची परसबाग यात दिसणार नाही, हे मुलं स्वतःच सांगतात. उंचीचे जे आकडे फुकट मिळतात, म्हणजे २००० साली अवकाशयानातून मोजलेले एसआरटीएमचे किंवा इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचे कार्टोडेमचे, त्यांची चौकट ३० मीटरांची. तिथे एक ठिपका जवळपास नऊ गुंठ्यांचा. नऊ गुंठ्यांना मिळून एकच उंची. त्यात बांध नाही, मोरी नाही, रेल्वेचा भराव नीट येईलच असं नाही. अशा आकड्यांवरून ‘पुराचं पाणी अमक्याच्या ओट्यापर्यंत येईल’ असं कुणी सांगू लागला तर त्याला थांबवायचं, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मोबाइल, फॉर्म आणि देवनागरी

शेतात माहिती गोळा करायला मोबाइल पुरतो. क्यूफील्ड किंवा एसडब्ल्यू मॅप्स ही ॲप फुकट आहेत आणि नेट नसतानाही चालतात. घरी वायफायवर नकाशा उतरवून घ्यायचा आणि निघायचं. मोकळ्यावर मोबाइलचा जीपीएस तीन ते पाच मीटरांपर्यंत बरोबर असतो. दाट झाडीत किंवा घळीत दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे होतो. म्हणून प्रत्येक बिंदूपाशी मिनिटभर थांबायला लावा, फोटो घ्यायला लावा.

फॉर्म छोटा ठेवा. मोरीचं उदाहरण घेतलं तर: पाइप की स्लॅब, पाइपाचा व्यास, पाइप किती, गाळ किती भरलाय (चौथाई, अर्धा, पूर्ण), गेल्या पावसात पाणी रस्त्यावर आलं का, कोणी सांगितलं. सहा रकाने झाले, बास. पंचवीस रकान्यांचा फॉर्म केला की दुपारनंतर मुलं घरी बसून भरतात, आणि ते तुम्हाला कळतही नाही.

इथे काही बारीकसारीक गोष्टी आहेत, ज्या इंग्रजीतल्या कुठल्याही पाठात सापडत नाहीत. नावं देवनागरीत युनिकोडमध्येच भरा. जुन्या टंकलेखनाच्या फाँटमध्ये लिहिलेली यादी नकाशात नेली की अगम्य अक्षरं उमटतात. एक्सेलमधून सीएसव्ही काढताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडला नाही, तर वाडीच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ येते. एका वाडीचं नाव सगळ्यांनी एकाच पद्धतीने लिहायचं, आधी ठरवून. एकाने ‘ठाकूरवाडी’ आणि दुसऱ्याने ‘ठाकुरवाडी’ लिहिलं की संगणकाच्या लेखी त्या दोन वाड्या झाल्या.

अक्षांश-रेखांशांची अदलाबदल तर प्रत्येक वर्गात होते. लोधिवली साधारण १८.९ उत्तर आणि ७३.२ पूर्व. रकाने उलटे भरले की बिंदू जाऊन पडतो नॉर्वेच्या उत्तरेला, समुद्रात. हे मुद्दाम एकदा करून दाखवा. एकदा हसलेली मुलं पुन्हा तो घोळ घालत नाहीत. क्षेत्रफळ काढायच्या आधी नकाशा अंशांतून मीटरमध्ये न्यायचा असतो. महाराष्ट्राच्या या भागासाठी यूटीएम ४३ उत्तर हा पट्टा निवडायचा. यामागचं गणित पहिल्याच दिवशी सांगायला गेलात तर वर्ग झोपेल. सवय आधी लावा, कारण नंतर सांगा.

मोरीचं गणित

आता प्रतिमान, म्हणजे मॉडेल. या शब्दाला विद्यार्थी उगाच घाबरतात. जे घडतं त्यातल्या महत्त्वाच्या तीन-चार गोष्टी उचलून आकड्यांत बसवायच्या आणि ‘असं झालं तर काय होईल’ हे विचारायचं, एवढाच त्याचा अर्थ. सुरुवात मोरीपासून करा.

एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी किती? दहा घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटर. कर्जत-खालापूरच्या वाड्यांमध्ये उन्हाळ्यात टँकर येतात, त्यामुळे दहा हजार लिटर म्हणजे एक मोठा टँकर हे कुणाला समजावून द्यावं लागत नाही. आता धरा, मोरीच्या वर ४० हेक्टरांचा डोंगरउतार आहे आणि तासाला ९० मिलिमीटर या वेगाने पाऊस कोसळतोय. ४० गुणिले ९०, म्हणजे तासाला ३,६०० टँकर. तासात सेकंदही ३,६००. दर सेकंदाला एक टँकर आकाशातून खाली येतोय.

सगळं पाणी वाहून येत नाही. झाडी आणि गवत असलेल्या उतारावर, समजा, दहातले चार हिस्से वाहतात. म्हणजे मोरीपाशी सेकंदाला ४ घनमीटर. आता वरचा उतार सपाट करून प्लॉट पाडले, रस्ते केले, फरशा घातल्या आणि दहातले सहा हिस्से वाहू लागले, तर ६ घनमीटर. पाऊस तोच, डोंगर तोच, पाणी दीडपट. आणि मोरीत आहेत ९०० मिलिमीटर व्यासाचे दोन सिमेंटचे पाइप. एका पाइपाचं तोंड साधारण ०.६४ चौरस मीटर. पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने गेलं तरी एक पाइप सव्वा घनमीटर ओढतो, दोन मिळून अडीच. उरलेलं पाणी कुठे जाणार? रस्त्यावरून, आणि रस्त्याच्या खालच्या घरांत. पाइप अर्धे गाळाने भरले असतील तर हिशोबच नको.

हेच ते अभियंत्यांचं ‘रॅशनल’ सूत्र: वाहून येणारा हिस्सा गुणिले पावसाचा वेग गुणिले क्षेत्र भागिले ३६०. दीडशे वर्षांहून जुनं आहे आणि लहान पाणलोटांसाठी आजही चालतं. वहीत करता येतं, एक्सेलमध्ये करता येतं. क्यूजीआयएस लागतं ते ४० हेक्टर हा आकडा काढायला, म्हणजे मोरीच्या वर कोणती जमीन आपलं पाणी तिच्याकडे पाठवते त्याची हद्द आखायला. पावसाचे आकडे कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय मिळतात, पण ते दिवसाचे. तासाचा वेग हवा असेल तर शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवा आणि मुसळधार पावसात दर पंधरा मिनिटांनी नोंद घेण्याची पाळी लावा. शिवाय सखलातल्या मापकात पडतो त्यापेक्षा माथेरान-प्रबळच्या अंगाला पाऊस कितीतरी जास्त असतो, हे ध्यानात असू द्या.

मग उत्तर तपासायचं कसं? या भागात त्यासाठी एक तयार तारीख आहे, २६ जुलै २००५. त्या दिवशी पाणी कुठवर आलं होतं हे पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही विचारा. माणूस उठतो आणि भिंतीवर बोट ठेवून दाखवतो. अशा पंधरा-वीस भिंतींवरच्या खुणा मोबाइलवर नोंदवा आणि जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. पुढे कुणी हेक-रास या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पुराचं प्रतिमान बसवलंच, तर ते खरं की खोटं हे या खुणा सांगतील. खुणा नसतील तर पडद्यावर निळा रंग कुठेही पसरवता येतो.

नदीचं गणित थोडं वेगळं

पाताळगंगेचा अभ्यास वरच्या वर्गासाठी ठेवा. खोपोलीचं टाटांचं वीजगृह १९१५ मध्ये सुरू झालं. तिथून सुटणाऱ्या पाण्यामुळे ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ सावरोली पूल, व्हयाळ पंपहाऊस, खारपाडा पूल अशा ठिकाणी पाण्याचे नमुने घेतं आणि आकडे प्रसिद्ध करतं. आंघोळीयोग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी, म्हणजे घाण कुजताना लागणारा प्राणवायू, ३ मिलिग्रॅमच्या आत हवा, हा निकष. तेवढ्यावर आकडे वाचायला शिकवता येतं.

प्रतिमान करायचं तर स्ट्रीटर आणि फेल्प्स यांचं १९२५ चं, अमेरिकेतल्या ओहायो नदीवरून काढलेलं समीकरण घ्या. घाण प्राणवायू खाते, हवा तो परत देते, या दोघांची शर्यत त्यात मांडलेली आहे. एक्सेलमध्ये सरावासाठी मनचे आकडे घालून बघा: बीओडी १२, घाण कुजण्याचा दर दिवसाला ०.३, हवेतून भरून येण्याचा ०.८, सुरुवातीचा प्राणवायू ७.५, पूर्ण क्षमतेचा ८. पहिल्या दिवसाअखेर प्राणवायू ५.७ वर येतो, दुसऱ्या दिवशी ५.४, तिसऱ्या दिवशी पुन्हा ५.७, चौथ्या दिवशी ६.१. सगळ्यात वाईट पाणी नाल्याच्या तोंडाशी नसतं. सेकंदाला दहा सेंटिमीटर वेगाने वाहणाऱ्या नदीत दोन दिवस म्हणजे सतरा किलोमीटर. घाण एका गावाने सोडायची आणि मासे मरायचे दुसऱ्याच गावात. हे एक समीकरण नीट कळलं तर पंचायतींमधली निम्मी भांडणं कशावरून होतात ते मुलांना उमगतं.

मर्यादाही तिथेच सांगा. वीजगृहातून पाणी सुटतं तसा नदीचा प्रवाह बदलतो, त्यामुळे सकाळचा नमुना आणि संध्याकाळचा नमुना सारखा धरता येत नाही. खाडीजवळ भरतीचं पाणी वर चढतं, तिथे हे एकाच दिशेचं समीकरण लागू होत नाही. आणि प्रयोगशाळेत न तपासलेल्या नमुन्यावरून कुठल्याही कारखान्याचं नाव घ्यायचं नाही. आकडा हाती असला की पोरांना पत्रकार परिषद घ्यावीशी वाटते.

नकाशा कुणाच्या हातात पडतो

हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही, पण कर्जत-खालापुरात राहणाऱ्याला ते सांगावं लागतं. बारमाही झरा कुठे आहे, कुठल्या टेपाडावरून दरी दिसते, कुठली जमीन अजून विकली गेलेली नाही, हे दाखवणारा सुबक नकाशा नेटवर चढला की ग्रामसभेच्या आधी तो जमिनीच्या एजंटापर्यंत पोचतो. त्यामुळे काय जाहीर करायचं आणि काय गावातच ठेवायचं, हे वाडीतल्या लोकांना विचारून ठरवा. देवराई, औषधी वनस्पतींच्या जागा, घरोघरची माहिती सार्वजनिक नकाशात घालू नका.

आदिवासी वाड्यांसाठी हे कौशल्य थेट उपयोगाचं आहे. रायगडात दळी जमिनींचा, म्हणजे आदिवासींना कसायला दिलेल्या जंगलातल्या जमिनींचा, प्रश्न इंग्रजांच्या काळापासूनचा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली वैयक्तिक आणि सामूहिक दावे करताना जीपीएसने हद्द चालून काढलेला नकाशा दाव्याला बळ देतो. पण चालताना वनहक्क समितीची माणसं आणि शेजारचे वहिवाटदार सोबत हवेत. खासगी बांधाच्या भांडणात मात्र विद्यार्थ्यांचा नकाशा अजिबात वापरू देऊ नका. त्याला मोजणी लागते आणि ती भूमी अभिलेख कार्यालयाचीच लागते. पाच मीटरांची चूक अभ्यासात चालते, बांधावर तिची फौजदारी होते.

ड्रोनचा मोह सगळ्यांना असतो. परवानगीच्या नकाशात आपला भाग कुठल्या रंगात येतो ते आधी बघा. नवी मुंबईचा विमानतळ इथून दूर नाही. आणि ज्या गटाने अजून ओहोळ पायी चालून काढलेला नाही, त्याला ड्रोन देऊ नये असं माझं मत आहे.

शिकायला आज साधनं भरपूर आहेत. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन वर्ग विनाशुल्क असतात, मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये क्यूजीआयएसचे पाठ आहेत. त्याच आयआयटीतल्या ‘सितारा’ केंद्राने कर्जत तालुक्यातल्या पाणीप्रश्नावर विद्यार्थ्यांकडून काम करवून घेतलं आहे. त्यांचे अहवाल मिळवून वाचा. गावचा प्रश्न घेऊन तो किती खोल नेता येतो ते कळेल. खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या गिर्यारोहक मंडळींना डोंगरवाटा पाठ असतात. एखादा रविवार त्यांच्याकडे मागा.

वेळापत्रक पावसाकडे बघून आखा. दिवाळीच्या सुटीत शिवारफेरी, डिसेंबर-जानेवारीत मोबाइलवरच्या नोंदी, फेब्रुवारी-मार्चमध्ये संगणक. एप्रिलमध्ये मोठ्या कागदावर छापलेला, मराठीत नावं असलेला, ओळखीच्या खुणा दाखवणारा नकाशा तयार हवा. नकाशाखाली दोनच ओळी लिहा: कोणत्या मोऱ्या पावसाआधी साफ व्हायला हव्यात आणि कोणत्या उतारावर आता भेगा दिसतात. १ मेच्या ग्रामसभेत तो मांडायचा असेल तर विषयपत्रिकेत घेण्यासाठीचं पत्र ग्रामपंचायतीकडे एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच द्या, पोच घ्या, आणि एक प्रत तहसील कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला खालापुरात नेऊन द्या. मृगाला ग्रामसभेनंतर पाच-सहा आठवडेच उरतात, आणि मोरीतला गाळ काढायला तेवढे लागतात.